तेवीस क्रमांकाची काच

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय चौतीस, अविवाहित, पेशाने हृदयरोगतज्ज्ञ, सध्या ज्या विभागात नोकरी केली त्याच विभागातल्या खिडकीजवळच्या खाटेवर रुग्ण म्हणून दाखल, हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. आज सकाळी परिचारिकेने माझे नाव, वार आणि तारीख विचारली. तिन्ही उत्तरे बरोबर निघाली. "भीती वाटते का?" असे तिने चौथे विचारले. तो प्रश्न कायद्याच्या कामाचा नव्हता. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. छातीवर आहे ते आजाराचे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. चुकून कुठे केले असल्यास ते रद्द समजावे.

आजार असा. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी सतत एकमेकींना निरोप देत असतात. अस्तराची पेशी शेजारच्या स्नायूपेशीला सांगते, वाढ, थांब, आता पुरे. आमच्या घराण्यात फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये 'पुरे' हा निरोप नीट पोचत नाही. भिंत जाड होत जाते, आतली वाट अरुंद होते, आणि हृदय त्या वाटेने रक्त ढकलता ढकलता थकते. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मी हे समजावले तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे आत्या हाका मारतेय आणि आपण खेळतोच आहोत, तसंच की!" दादा या आजाराने चार वर्षांपूर्वी गेला. मी हाच आजार अभ्यासाला घेतला होता. चौदा महिन्यांपूर्वी तो मलाही असल्याचे निघाले. आता दोन्ही फुप्फुसे बदलायची आहेत. ती मिळाली की फोन येईल आणि तासाभरात मला नेतील. म्हणून हे आजच लिहीत आहे.

खरे सांगायचे तर हे सगळे मी कलम नऊसाठी लिहायला बसले. बाकीची कलमे तिथपर्यंत पोचायला धीर यावा म्हणून आहेत. ती खोटी मात्र नाहीत.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्था माझ्या वहिनीने पाहावी. ती म्हणेल, "मला कशाला गं या भानगडीत?" वहिनी, तुला अशासाठी की आमच्या घरात किल्ली कधी न हरवलेली तू एकटीच आहेस.

कलम २. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या मी माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, देते. तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण ती खोडरबराचे तुकडे उशीखाली साठवते. ती सज्ञान होईपर्यंत खोल्या वहिनीच्या ताब्यात राहाव्यात. जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. मी गेले वर्षभर त्या चढलेली नाही, त्यामुळे माझ्या खोलीत धूळ असेल. त्याबद्दल क्षमा असावी.

कलम ३. यांतली उजेडाच्या बाजूची खोली आत्या असेपर्यंत आत्याची. तिथले शिवणयंत्र, कापायचे टेबल आणि भिंतीवरचा आरसा हलवू नये. आई लवकर गेली. वडील कामासाठी बाहेरगावी असत, आम्हाला आत्यानेच वाढवले. आठ वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातले नव्हते. माझी शाळा म्हणजे आत्याचे शिवणकाम. अक्षरे मी शिवणाच्या खडूने काळ्या अस्तरावर गिरवली, बेरीज बटणांवर केली, आणि अपूर्णांक म्हणजे काय ते बाहीच्या घेरावर कळले. पुढे वर्गात बाई 'पाव' म्हणाल्या की माझे हात आपोआप कापड दुमडल्यासारखे हलत आणि मुली हसत. मला त्यात लाज वाटायची. आता वाटत नाही, हे आत्याने वाचावे म्हणून लिहीत आहे.

कलम ४. आत्याची माप घ्यायची पट्टी तिने मला पदवी मिळाली त्या दिवशी दिली होती. ती खारूताईला द्यावी. तिचा पहिला इंच झिजून गेला आहे, म्हणून माप एकच्या खुणेपासून धरायचे आणि शेवटी एक वजा करायचा. हे विसरले तर सगळेच कपडे सैल होतात.

याच पट्टीने मी तेरा वर्षांची असताना एका गायिकाबाईंचे माप घेतले होते. त्या आरशासमोर उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "फार जाड झालेय का गं मी?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि दीड इंच कमी लिहिला. कार्यक्रमात पहिल्याच लांब सुराला त्यांची पाठीची शिवण गेली. आत्याने मला मारले नाही. ती म्हणाली, "तोंडाकडे बघून माप घेतलंस ना? माप घेताना तोंडाकडे बघायचं नाही. तोंड बघितलं की हात दयाळू होतो. आणि दयाळू हाताचं माप कुणालाच बसत नाही."

हे वाक्य कलम नऊमध्ये पुन्हा लागेल.

कलम ५. पुस्तके विभागाच्या वाचनालयाला. समासातल्या माझ्या शंकांची उत्तरे ज्यांना सापडतील त्यांनी पेन्सिलीने लिहावीत. मोठी छत्री आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना द्यावी. त्यांचे ओले कपडे सहा वर्षे माझ्या खिडकीवर ठिबकत आले, निदान आता त्यांना समजेल की खालून कसे वाटते. सायकल मी प्रयोगशाळेतल्या मावशींना ठेवणार होते. त्या फुप्फुसाचे, हृदयाचे इतके पातळ काप काढतात की आम्ही त्यांना पापुद्रामावशी म्हणतो. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. मी त्यांना निवड करायला सांगितली. "सायकलवर बसून या वयात मी कुठं जाऊ? आण तो कागद," त्या म्हणाल्या. सायकल ज्याला हवी त्याने न्यावी. मागचा ब्रेक लागत नाही.

कलम ६. बँकेत जे असेल ते अर्धे आत्याला, अर्धे खारूताईच्या शिक्षणाला. याहून जास्त सांगण्यासारखे त्यात काही नाही.

कलम ७. दादाला दम लागायला लागला तेव्हा ज्या डॉक्टरांकडे तो प्रथम गेला, त्यांना त्याची छोटी वही द्यावी. त्यांनी अकरा महिने त्याला सांगितले की हे मनाचे आहे, फिरायला जात जा. दादा फिरायला जात होता. न थांबता किती पायऱ्या चढलो हे तो रोज वहीत लिहीत होता. पहिल्या पानावर एकतीस आहे, शेवटच्या पानावर सहा. मधल्या एका पानावर 'आज मनाला फार दम लागला' असे लिहून त्याने हसरे तोंड काढले आहे. वहीसोबत पत्र नको. वही परत घेऊ नये.

त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग आहे. तो या मृत्युपत्राने कोणालाही दिलेला नाही, माझ्याबरोबर संपावा.

कलम ८. मी वाचले किंवा नाही वाचले, माझी जुनी फुप्फुसे बाहेर येतीलच. ती प्रयोगशाळेला द्यावीत. मावशींनी काप काढून त्यांना क्रमांक घालावा आणि ज्याने मला कधी पाहिलेले नाही अशा माणसाने ते मोजावेत. माझ्या फुप्फुसात ओळखू येईल असे काहीही नाही.

कलम ९. आमच्या विभागाने एका गोळीचा अभ्यास केला. भिंतीतल्या पेशींना 'पुरे' हा निरोप पुन्हा ऐकू यावा, असे त्या गोळीचे काम. निम्म्या रुग्णांना ती गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कोणाला कोणती हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. ज्यांची फुप्फुसे नंतर बदलली गेली किंवा जे दगावले, त्यांचे काप काचांवर घेऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतींची जाडी मोजायची. काचा चोवीस होत्या. त्यांवर नाव नव्हते, फक्त क्रमांक. मोजणारी मी.

दादा या अभ्यासात दुसऱ्या रुग्णालयातून सामील झाला होता. त्याला नको होते. "माझ्यासाठी घे रे दादा," असे मी म्हणाले म्हणून तो झाला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "ही आत्याच्या खडूसारखी लागते गं. फसवतायत बहुतेक." मी त्याला गंभीरपणे सांगितले की दोन्ही गोळ्यांची चव मुद्दाम सारखीच ठेवतात.

तो गेल्यावर त्याची काच आमच्याकडेच येणार, हे मला माहीत होते. मी सरांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, तसे लेखी कळवले. सर म्हणाले, "चोवीस काचा, सगळ्या बिननावाच्या. तू ओळखणार कशी?" मी म्हणाले, "ओळखलीच तर सांगेन, सर." "सांगच," ते म्हणाले, आणि माझ्या कागदावर 'ठीक' असे लिहिले.

मोजायची रीत अशी आहे. भिंगात आठ रेघांचे एक चक्र दिसते. ते रक्तवाहिनीवर ठेवायचे, पहिली रेघ काचेच्या वरच्या कडेकडे, आणि रेघा जिथे भिंतीला छेदतील त्या आठ जागी जाडी मोजायची. चक्र फिरवायचे नाही. फिरवले तर माणूस नकळत जागा निवडू लागतो.

तेविसाव्या काचेवर, एका जुन्या व्रणाच्या मधोमध, मला धाग्याची गाठ दिसली. सगळे गुलाबी-जांभळे, त्यात तेवढा निळसर धागा. दादा पाच वर्षांचा असताना खमिसाचे बटण तोंडात घालून पळत होता आणि ते श्वासनळीतून खाली गेले. डॉक्टरांनी बटण काढले. धाग्याचा तुकडा आतच राहिला असणार, असे तेव्हाच म्हणाले होते. एकोणतीस वर्षे तो तिथे होता.

मी त्याच क्षणी उठून सरांच्या खोलीत जायला हवे होते. खोली वीस पावलांवर होती, दार उघडे होते, सर आत फोनवर कोणाशी तरी हसत होते. मी उठले नाही. मला वाटले, दादाचे आता एवढेच उरले आहे, आणि याचे माप दुसऱ्या कोणी घेऊ नये.

मग मी चक्र फिरवले. थोडेसेच. त्या काचेवरच्या दहाही रक्तवाहिन्यांवर, जाड जागा दोन रेघांच्या मध्ये जातील इतके. मी एकही खोटा आकडा लिहिला नाही, हे मी स्वतःला तीन वर्षे सांगत आले आहे. लिहिलेला प्रत्येक आकडा त्या भिंतीवर खरोखर होता. फक्त त्याच्या शेजारचा मी लिहिला नाही. दादाला खरी गोळीच मिळाली होती, तिचा त्याला थोडा तरी उपयोग झाला, मी त्याला उगाच दोन वर्षे खेटे घालायला लावले नाहीत, असे मला त्या काचेकडून ऐकायचे होते.

कोणाला कोणती गोळी होती ती बंद यादी उघडली त्या दिवशी सरांच्या खोलीत आम्ही तिघे होतो. मावशी एकेक क्रमांक वाचत होत्या. "बावीस, औषधाची. तेवीस, साधी. चोवीस, औषधाची." मी हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

दादाला साधीच गोळी मिळाली होती. म्हणजे माझ्या दयाळू हातामुळे साध्या गोळीचा गट जितका होता त्याहून बरा दिसला, आणि औषधाचा गट त्यामानाने फिका. दोन्ही गटांत किती फरक निघाला तर औषध उपयोगी म्हणायचे, हे आधीच ठरले होते. फरक थोडक्यासाठी त्या रेषेच्या अलीकडे राहिला. लेख छापला: उपयोग सिद्ध होत नाही. गोळी बनवणाऱ्यांनी काम बंद केले. वर्षभराने मला जिन्यात दम लागला.

तेवीस क्रमांक नीट मोजला तर निकाल फिरेल का, हे मला माहीत नाही. मी पुन्हा मोजलेले नाही. माझ्या हाताला तो हक्क राहिलेला नाही. मला ती गोळी मिळाली असती तर काय झाले असते, हा हिशेब मी करत नाही. पण खारूताई नऊ वर्षांची आहे आणि तिच्यात दादाचे रक्त आहे. तिला ही गोळी कधीही लागू नये. लागलीच, तर ती कपाटात बंद असण्याचे कारण मी असू नये.

हे कलम मी दोनदा लिहिले. पहिल्या मसुद्यात ते वेगळ्या पाकिटात होते आणि पाकिटावर 'माझ्या पश्चात उघडावे' असे होते. काल दुपारी आत्या भेटायला आली. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मृत्युपत्र वाचून दाखवले. छत्रीपाशी ती हसली. वहीपाशी तिने माझा हात धरला. मी संपवल्यावर ती म्हणाली, "आठनंतर एकदम दहा कसं आलं?"

"चुकलं असेल."

"तुझं मोजण्यात चुकत नाही. वाच."

मी पाकीट फोडून वाचले. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. संपल्यावर खिडकीबाहेर पाहत बसली. मग विचारले, "गाठ कसल्या रंगाची म्हणालीस?"

"निळसर."

"घरातल्या निळ्या खमिसाची. ते बटण मीच लावलं होतं." थोड्या वेळाने, "तीन गाठी होत्या का गं?"

आत्या बटणाला नेहमी तीन गाठी मारते. आम्हाला तसेच शिकवले. मी खोटे बोलू शकले असते.

"एकच दिसली, आत्या."

"घाईत होते त्या दिवशी," ती म्हणाली. "बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. तेहतीस वर्षं मी म्हणत आले, पोरानं ओढून तोडलं."

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी चहा पुढे केला, तो आत्याने घेतला, पण प्यायली नाही.

"आता माझं कुणाला सांगू?" आत्या म्हणाली. "ज्याला सांगायचं तो गेला. तुझा सांगायचा माणूस तर रोज सकाळी तुझी नाडी बघून जातो. आणि तू पाकिटं चिकटवतेस? चुकलेली शिवण शिवणाऱ्यानंच उसवायची असते, बाळा. दुसऱ्यानं उसवली की कापड फाटतं."

"सर काय म्हणतील?"

"म्हणू देत की. तू काय फक्त शाबासकीपुरतीच शिकलीस?"

म्हणून हे कलम मृत्युपत्रातले असले तरी माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. ते आजपासून लागू आहे. त्या दिवसाची माझी वही विभागातल्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. चक्र किती फिरवले ते मी प्रत्येक आकड्याशेजारी तेव्हाच बारीक अक्षरात लिहून ठेवले होते. का लिहिले, तेव्हा कळले नव्हते. लेखातली चूक माझ्या नावाने, मी जिवंत असो वा नसो, जाहीर करावी. त्यात 'अनवधानाने' हा शब्द वापरू नये.

सरांना मी या मृत्युपत्राने काहीही ठेवत नाही. त्यांची सही हवी आहे.

कलम १०. खारूताईची तपासणी आता करायची की ती मोठी झाल्यावर तिने ठरवायची, हा निर्णय वहिनीचा. पण तिला कधी दम लागला आणि कोणी म्हणाले की हे मनाचे आहे, तर त्या खोलीतून उठून दुसरीकडे जावे. तिला दादाचे विनोद सांगावेत. खडूचा विनोद ती मोठी झाल्यावर सांगावा.

कलम ११. मला निळ्या सुती कपड्यात ठेवावे. आत्याने शिवला तर उत्तम. तिला दिसत नसेल तर वहिनीने सुई ओवून द्यावी, पण बटणे आत्यानेच लावावीत.

वर लिहिलेले सगळे मी पुन्हा एकदा वाचले आहे. कलम दोनमधल्या पायऱ्या मनातल्या मनात मोजून पाहिल्या, बेचाळीसच आहेत. खाडाखोड कलम नऊमध्ये दोन ठिकाणी आहे, तिथे बाजूला सही केली आहे. याहून खरे मला लिहिता आले नाही.

ठिकाण: हृदयरोग विभाग, खिडकीजवळची खाट
तारीख: अठरा मार्च, सकाळी अकरा वाजता
सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार पहिली: माझ्यादेखत तिने सही केली. अक्षर वाकडे आले, डोके सरळ आहे.
(सही, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जिला पापुद्रामावशी म्हणतात)

साक्षीदार दुसरा: माझ्यादेखत सही झाली. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, असे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "वाचा, सर." कलम नऊ उभ्याने वाचले, मग बसून पुन्हा वाचले. 'तू ओळखणार कशी' असे विचारून मीच तो कागद बाजूला ठेवला होता, हे जाहीर पत्रात लिहीन. चोवीसही काचांना मावशी आज नवे क्रमांक घालत आहेत. त्या बाहेरच्या प्रयोगशाळेत मोजायला जातील. तेविसाव्या काचेचा नवा क्रमांक मला कळणार नाही आणि तुलाही कळणार नाही.
(सही, विभागप्रमुख)